मागचं टोक

उद्या सकाळी पार्किंगमधल्या त्या लंगड्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंयत, जरूर न्या. चांगलं काम आहे, आणि या इमारतीत कुणीतरी काहीतरी ठरवलं एवढं बघूनच मला भरून आलं. फक्त उचलताना मागचं टोक कोणी धरलंय ते मान वळवून एकदा बघा. एवढंच माझं सांगणं.

हसताय? हसा. गच्चीवर दहा जणांत बसून हसायला धाडस लागत नाही. मघाशी जिना चढताना कोण कोणाचा शर्ट धरून चढत होतं ते मी पाहिलंय.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा. आमच्या हापिसाच्या खिडक्यांना काचा बसवायला यायचा. दरवर्षी यायचा, कारण आमच्याकडे कामाव्यतिरिक्त सगळं नियमित चालायचं, त्यात फोडाफोडही आली. सगळे त्याला काचवाला म्हणत. माणूस सरळ. हाताला टाके असताना माझ्या शेजारी बाकावर बसून त्याने हे मला सांगितलं. त्याच्या बहिणीलाही मी नंतर विचारलं. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

"काका, हे खरंच घडलंय?"

बाई, खोटं बोलायचं मी निवृत्त झालो त्या दिवशी सोडलं. आता त्याचा पगार मिळत नाही. ऐक.

फेब्रुवारी संपत आला होता. शनिवारची रात्र. चंद्र चांगला वाटोळा होता, तेव्हा जे झालं त्याचं खापर अंधारावर फोडता येणार नाही. काचवाला जेवून हात धूत होता, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"साहेब उठत नाहीये," ती म्हणाली.

साहेब म्हणजे तिचा कुत्रा. थोराड हाडाचा, तोंड पांढरं झालेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी नोकरीत पुष्कळ साहेब पाहिले. रात्री जागणारा आणि हाक मारली की येणारा हा एकच.

"म्हातारा झालाय गं ताई. झोपला असेल."

"रक्त आहे," ताई म्हणाली. मग थोडं थांबून, "लवकर ये. फाटक मी आतून लावलंय, हाक मार."

काचवाल्याने आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. शहाणपणाचं केलं. बाई झोपेतून उठल्या होत्या, पण आवाजात झोप नव्हती. म्हणाल्या, "उचलून कडेवर घेऊ नका. पोटाखाली हात घालू नका. सपाट फळी न्या, तो ज्या चादरीवर असेल तिच्यासकट हळूच फळीवर सरकवा. पाठीचा कणा वाकता कामा नये. पट्ट्याने फळीला हलकं बांधा, वर पांघरूण घाला. आणि तोंड बांधा."

"तो चावत नाही हो, बाई."

"दुखत असलं की सगळे चावतात. मऊ पट्टी घ्या. श्वास अडकतोय असं दिसलं तर मात्र ताबडतोब सोडा. मी दवाखाना उघडून बसते."

काचवाल्याला यात नवीन काही वाटलं नाही. सपाट आधार, झटका नाही, घाई नाही, आणि दोन माणसं. काच अशीच नेतात. त्याने दुकानातून कपाटाच्या पाठीची एक प्लायची फळी काढली, टेम्पोत टाकली. टेम्पोत सोमवारच्या कामाच्या काचा तिरक्या चौकटीला बांधून ठेवलेल्या होत्या. त्या उतरवत बसला नाही.

आता त्या दोन माणसांचं ऐका, कारण सगळं तिथेच अडलंय.

मोठी काच दोघं नेतात तेव्हा पुढचा माणूस पाठमोरा असतो. त्याने मागे बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की काच पिळते, आणि पिळलेली काच हातातच फुटते. म्हणून पुढचा फक्त विचारतो, "घेतलं?" मागचा म्हणतो, "घेतलं." एकदा हा शब्द दिला की मागच्याने सोडायचं नाही, मग आभाळ कोसळो. जागेवर पोचलं की पुढचा म्हणतो, "टेकलं." मागचा म्हणतो, "सोडलं." तेव्हा हात निघतात. लांबच्या पल्ल्यात मागचा माणूस बदलायचा असला, तर नवा येऊन त्याच्या हातांना हात लावतो आणि म्हणतो, "आलं माझ्याकडे." त्याशिवाय जुना सोडत नाही.

हे सगळं काचवाल्याला त्याच्या भाऊजींनी शिकवलं. ताईच्या नवऱ्याने. दुकान मूळ त्यांचं.

भाऊजी कामाला देवमाणूस. एकदा जिन्यावरून काच चढवताना वरून गवंड्याच्या हातची वीट निसटली आणि त्यांच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज काचवाल्याने पुढून ऐकला. काच हलली नाही. वरच्या मजल्यावर नेली, टेकवली, "सोडलं" म्हणाले. मग खाली गेले आणि एका हाताने त्या गवंड्याचे दोन दात पाडले.

घरीही तसेच. तुम्ही म्हणाल, पीत असतील. थेंबाला शिवत नव्हते. शुद्धीत मारायचे. जेवण झालं, हात पुसले, ताट सरकवलं, की उठायचे. ओरडायचे नाहीत, शिवी नाही. ताईही ओरडायची नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, काय शांत घर आहे.

आदल्या वर्षी एका रात्री साहेब मध्ये पडला. म्हातारा कुत्रा, दात झिजलेले. पण त्याने भाऊजींची पोटरी धरली आणि तीन पायऱ्या खाली ओढत नेलं. भाऊजी उठले, पँट झटकली, कुत्र्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "तुझं माझं राहिलं." त्याच आठवड्यात दुकानात भिंतीला टेकवलेली काचांची थप्पी त्यांच्यावर कोसळली आणि ते जागीच गेले. ते एकटे होते. मागचं टोक धरायला कोणी नव्हतं.

तर काचवाला ताईकडे पोचला. फाटकाची कडी आतून. मागच्या अंगणाला पुरुषभर उंच भिंत. ताईने येऊन कडी काढली, पुढे चालू लागली.

साहेब पाण्याच्या टाकीजवळ चादरीवर पडला होता. मागचा एक पाय पोटाखाली नको तसा दुमडलेला. फासळ्या एका बाजूला आत गेलेल्या. कानातून रक्त. पाठीवर केस उडून कातडी दिसत होती, आणि त्या कातडीवर आडवे वळ. एकाशेजारी एक.

"गाडीखाली आला का?"

"फाटक बंद होतं."

तेही खरं. आणि गाडी एकदाच मारते.

"मग मारलं कोणी?"

"मी आत होते," ताई म्हणाली. "आवाज येत होता. मारल्याचा. तो ओरडत नव्हता. मला वाटलं..." ती थांबली. "मला वाटलं, मीच आठवतेय. म्हणून मी उठले नाही."

काचवाल्याने सुती पट्टी घेतली, साहेबाच्या नाकाडावरून फिरवून हनुवटीखाली आडवी केली, कानांमागे सैलसर गाठ मारली. कुत्रा त्याच्याकडे बघत राहिला. दोघांनी चादर धरून त्याला इंचाइंचाने फळीवर सरकवलं, छातीवरून आणि कमरेवरून पट्टे घेतले.

"आता मागून धर," तो म्हणाला.

"आले. पांघरूण घेते."

ती पांघरूण घ्यायला वळली, तसा तो फाटकाकडे तोंड करून फळीच्या पुढच्या टोकाशी उकिडवा बसला आणि हात मागे नेऊन कोपरे धरले. मागे पावलं वाजली. कोणीतरी खाली बसल्याचा, गुडघे मोडल्याचा आवाज आला.

"घेतलं?" त्याने विचारलं. सवयीने.

"घेतलं."

आवाज जड होता. ताई रडत होती म्हणून असेल. तो उठला. फळी त्याच्याबरोबर उठली, एकाच वेळी, समतल. पाण्याचा पेला ठेवला असता तर डचमळला नसता. अंगण, फाटक, दोन पायऱ्या. पायऱ्यांवर मागच्याने आपणहून टोक उचलून धरलं, जसं धरायला हवं तसं. काचवाल्याच्या मनात आलं, ताई एवढी तयार कधी झाली?

टेम्पोत फळी सरकवली. साहेब पट्टी बांधलेल्या तोंडातून गुरगुरत होता. काचवाला वळला, म्हणायला की शाब्बास...

मागे कोणी नव्हतं.

ताई घराच्या दारातून येत होती. हातात पांघरूण. दुसऱ्या हाताने दार ओढत होती.

"थांब की रे जरा," ती म्हणाली. "एकट्याने कशाला उचललंस? तो काय काच आहे?"

काचवाल्याने फळीचा मागचा भाग बघितला. तिथे कुणी नव्हतं. कुत्रा मात्र नेमकं तिथेच बघत होता.

ताई मागे साहेबाजवळ बसली. टेम्पोच्या मागच्या भागात एक छोटा दिवा होता आणि चालकाच्या पाठीमागे वीतभर खिडकी, जाळीची. तो दिवा लावून काचवाला निघाला. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. बंद पडलेल्या गिरणीच्या लांब भिंतीवरून, मग शीतगृह, मग रेल्वेचं फाटक. हळू चालवत होता. मागे काचा चौकटीत कुणकुणत होत्या, त्या नेहमीच कुणकुणतात.

गिरणीची भिंत सुरू झाली.

"अरे," मागून ताई म्हणाली. "फळी सरकतेय."

"चढ आहे."

"चढ नाहीये."

नव्हताच. त्याने वेग आणखी कमी केला. मागे काहीतरी घासत गेलं. दाराच्या दिशेने. मग ताईचा आवाज, दातांतून, "धरलीय मी. चालव."

परत घासलं. परत तिने ओढलं असावं. श्वास ऐकू येत होते. तिचे. कुत्र्याचे.

आणि तिसरे.

मग तो आवाज आला. सपकन. काचवाल्याला तो माहीत होता. लहानपणी सुट्टीत ताईकडे राहायला जायचा, तेव्हा भिंतीपलीकडून ऐकलेला. आधी फटका. मग काहीच नाही. मग परत फटका. मध्ये माणूस श्वास घेतो, तेवढं अंतर.

"ताई?"

फटका.

"ताई, काय चाललंय?"

"चालव," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हता. "थांबू नकोस."

तो थांबला. कोण नाही थांबणार? उतरून मागे धावला, दार उघडलं. ताई साहेबावर पालथी पडली होती. आपल्या अंगाने त्याला पूर्ण झाकून. ओठ फाटलेला, एक डोळा मिटत आलेला. फळी अर्धी बाहेर आली होती. आत दुसरं कोणी नव्हतं. दिवा हलत होता.

काचवाल्याने फळी आत ढकलायला हात घातला.

चौकटीतल्या काचा फुटल्या. एकदम नाही. एकेक. त्याच्याकडून सुरुवात करून आतपर्यंत, कोणी मुठीने मोजत गेल्यासारख्या. त्याचा तळवा मनगटापर्यंत उघडला. त्याने तो पोटाशी दाबला आणि दुसऱ्या हाताने फळी आत लोटली.

"आत बसलेत," ताई म्हणाली. "काही बोलत नाहीत. तेव्हाही बोलायचे नाहीत." मग खाली बघून, "याचा श्वास अडकतोय. पट्टी सोडते."

"चावेल तुला."

"चावू दे."

तिने गाठ सोडली. साहेबाने तोंड उघडलं, हवा ओढली. मग मान उचलली. मोडक्या फासळ्यांनिशी त्याने मान उचलली, ताईच्या खांद्यावरून पलीकडे नेली आणि रिकाम्या जागेत दात रोवले.

जबडा मिटला नाही.

मध्ये काहीतरी होतं. दोन बोटं जाड... तीन बोटं... त्याच्या दातांमध्ये फट होती आणि त्या फटीत काही दिसत नव्हतं. कुत्र्याचं डोकं इकडून तिकडे आपटलं गेलं. लोखंडी पत्र्यावर. एकदा. दोनदा. त्याने सोडलं नाही. काचवाल्याने दार लावलं, धावत पुढे गेला आणि एका हाताने टेम्पो हाकला. शीतगृह गेलं. रेल्वेचं फाटक उघडं होतं. मागून आता आवाज येत नव्हता. कसलाच.

तू पाय वर घेऊन बस हवं तर. मला काही हरकत नाही.

दवाखान्यात दिवे होते. डॉक्टरीणबाई आणि त्यांचा कंपाउंडर दारात उभे. कंपाउंडर गलेलठ्ठ, हसतमुख. ताईचा चेहरा आणि काचवाल्याचा हात बघून तो म्हणाला, "जनावर नेमकं कोणतं आणलंय?" बाईंनी त्याच्याकडे बघितलं तसा गप्प झाला. काचवाल्याच्या हातावर त्यांनी जाड पट्टी आवळली. साहेब जिवंत होता. जबडा आता मिटलेला होता, डोळे अर्धे.

तिघांनी फळी उचलून आत नेली. कंपाउंडर धापा टाकत म्हणाला, "काय खायला घालता हो याला?"

जमिनीलगत वजनकाटा होता. फळी त्यावर ठेवली. बाई सुई भरता भरता म्हणाल्या, "पोटात रक्तस्राव आहे, उघडावं लागेल. भूल वजनावर द्यायची असते. कमी पडली तर टेबलावर जागा होईल. जास्त झाली तर उठणारच नाही. किती?"

"एकशे चार," कंपाउंडर म्हणाला.

"थट्टा नको."

"बाई, तुम्हीच बघा."

एकशे चार. बाईंनी काट्याला पायाने धक्का दिला. एकशे सहा. गेल्या खेपेला सत्तावीस भरला होता, असं ताई म्हणाली. बाईंनी साहेबाच्या तोंडाकडे बघितलं आणि सुई बाजूला ठेवली. जीभ निळी पडत होती. छाती वर येत नव्हती. दाबलेली होती. वरून काही नव्हतं, आणि दाबलेली होती.

"फळी काढा याच्याखालून. लवकर."

कंपाउंडरने मागच्या टोकाला हात घातला. पुढच्या क्षणी तो औषधांच्या कपाटात होता. पाठीने. कपाटाची काच त्याच्या अंगावर, नाक फुटलेलं, आणि चेहऱ्यावर केवळ आश्चर्य. माणूस आयुष्यभर विनोद करतो आणि वेळेला त्याला एकही सुचत नाही.

एकशे बारा.

तेव्हा काचवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. अंगणातून फळी उचलली, टेम्पोत ठेवली, इथे आणली. या सगळ्या धावपळीत एक शब्द बोलायचा राहून गेला होता. ज्याने "घेतलं" म्हटलं, त्याला कोणी सोडायलाच सांगितलं नव्हतं. आणि तो माणूस सांगितल्याशिवाय सोडणारा नव्हता. खांद्याचं हाड मोडलं तरी सोडलं नव्हतं.

तो फळीच्या पुढच्या टोकाशी गेला. पाठ करून उकिडवा बसला. कोपरे धरले.

"टेकलं," तो म्हणाला.

...

"भाऊजी. टेकलं."

...

एकशे एकवीस. साहेबाच्या नाकातून फेस आला. फळी करकरली.

त्याने वळून बघितलं नाही. वळून बघायचं नसतं. म्हणून पुढचं त्याने फक्त ऐकलं, आणि समोरच्या खिडकीच्या काळ्या काचेत जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

ताई मागच्या टोकाशी गेली. खाली बसली. दोन्ही हात फळीकडे नेले. ते फळीपर्यंत पोचले नाहीत. मध्येच, दोन बोटं अलीकडे, थांबले. कशावर तरी टेकले.

"आलं माझ्याकडे," ती म्हणाली.

फटका. तिची मान एका बाजूला गेली. हात निघाले नाहीत.

लग्नाच्या इतक्या वर्षांत प्रत्येक फटक्याला तिने हातातलं सोडलं होतं. भांडं असेल तर भांडं. बोलणं असेल तर बोलणं.

"आलं माझ्याकडे."

फटका. तोंडातून रक्त साहेबाच्या पाठीवर पडलं. बाई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सुई हातात.

"तुम्ही सोडा आता," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. झोपेतल्या माणसाला उठवताना असतो तसा. "जड आहे, मला माहीत आहे. मी नेते. आलं माझ्याकडे."

पुढचा फटका आला नाही.

मग तिचे हात दोन बोटं खाली गेले आणि लाकडाला लागले.

साहेबाने श्वास घेतला. त्या खोलीत सगळ्यांनीच घेतला. काट्यावरचे आकडे उतरत उतरत, फळी वजा जाता, सव्वीसवर आले. म्हातारपणी एखादा किलो उतरतोच.

"भूल देते," बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या. तशा त्या शहाण्या. पहाटेपर्यंत कुत्र्याला शिवलं, मग ताईचा ओठ, मग काचवाल्याचा तळवा, मग कंपाउंडरचं नाक. चौघांना एकच दोरा पुरला. वजनकाट्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

"सोडलं" हा शब्द मात्र कोणी म्हटला नाही. काचवाल्याने कान देऊन ऐकलं होतं.

साहेब जगला. तीन पायांवर, पण जगला. ताईने त्याला घरात, स्वतःच्या खाटेजवळ घेतला. फटके थांबले. आठवडाभर ती रोज सकाळी भावाला फोन करून सांगायची, झोप लागली. तिच्या तोंडून हे वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मग हात जरा बरा झाल्यावर काचवाल्याने टेम्पो धुवायला काढला. काचांचा चुरा खोऱ्याने ओढला. चौकटीत सगळ्यात आत एक काच उभी होती. तडाही नाही. ती दुकानांच्या दर्शनी भागाला लावतात त्यातली होती. दोन काचा, मध्ये चिकट पडदा, कारखान्यात तापवून दाबून एकजीव केलेल्या. मध्ये माशीचा पंखसुद्धा शिरत नाही.

तिच्यावर हाताचा ठसा होता. पुरुषाचा, पंजा पूर्ण उघडलेला. त्याने फडक्याने पुसला. गेला नाही. काच फिरवून मागून पुसला. गेला नाही. नखाने खरवडून बघितलं, तेव्हा कळलं. ठसा पुढे नव्हता आणि मागे नव्हता. मध्ये होता.

त्याने ताईला बोलावलं. ती साहेबाला घेऊन आली. तिघं दुकानात उभे. काचवाल्याने आधी स्वतःचीच समजूत घालून ठेवली होती. म्हणाला, "कारखान्यातलाच असणार कुणा कामगाराचा. भाऊजींचा नव्हे. त्यांची करंगळी अर्धी तुटलेली होती, आणि ही बघ, पाचही बोटं पुरती आहेत."

ताईने काचेला हात लावला नाही. नुसती बघत राहिली.

"तुटकी करंगळी मारायच्या हाताची होती," ती म्हणाली. "हा दुसरा. याने सोडलं."